फुली मारलेला सुळा

१

डबा उचलला तेव्हाच हलका लागला.

प्रयोगशाळेतल्या माझ्या कप्प्यातला, बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा. आत कापसाचे थर आणि त्या कापसात बाळांसारखे निजवलेले माझे नापास सुळे. सुळा म्हणजे पुढच्या चपट्या दातांना लागून असणारा तो टोकदार दात. झाकण उघडलं तर कापूस जागच्या जागी, त्याला दातांच्या आकाराचे खळगेही तसेच. दात मात्र एकही नाही.

हे नापास दात काय प्रकरण आहे ते सांगते. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला माणसाच्या तोंडाजवळ कोणी फिरकू देत नाही. आम्हाला देतात मेणाची वडी आणि एक सुरी. वडीतून दात कोरायचा, खाली चौकोनी बूड ठेवायचं आणि बुडाच्या तळावर आपला नंबर टाकायचा. सरांना पसंत पडला तर तो त्यांच्या कपाटातल्या ट्रेमध्ये जातो. नाही पडला तर ते नंबराच्या डोक्यावर सुरीच्या टोकाने फुली मारतात आणि एकच शब्द बोलतात.

"पुन्हा."

म्हणून त्यांचं नाव पुन्हा सर. काय चुकलं, कुठे चुकलं, काही सांगायचं नाही. 'चूक ज्याची त्याने शोधावी' हा त्यांचा बाणा. अर्धं सत्र उलटलं तरी मी शोधतच होते. मला सुळा आला होता वरचा, उजवीकडचा. मी कोरत होते, सर फुली मारत होते. हाताला मेणाचा वास, नखांत मेण, उशीवर मेण. वर्गाने माझं नाव मेणबत्ती ठेवलं ते काही उगाच नाही.

आणि काल, देवाची कृपा म्हणा नाहीतर काय, माझा सुळा पास झाला. सरांनी तो फिरवून फिरवून बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा सुळ्याकडे बघितलं. मग फुली न मारता ट्रेमध्ये ठेवला. मी आनंदाने रडायचीच बाकी होते.

आज सर प्रत्येकाचे नापास दात बघणार होते. हे त्यांनी आठवड्याच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं: "पास दाताने मला तुमचा हात कळतो. नापास दातांनी तुमची मेहनत कळते. दोन्ही दाखवल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला कोणी बसायचं नाही."

मी रिकामा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"चोरीला गेले, सर."

वर्गात कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी चष्मा काढला.

"रद्दी कोण चोरेल?"

"मला माहीत नाही, सर. पण काल संध्याकाळी होते."

"इतके दिवस तू एकच चूक करत होतीस. तीच ती चूक, प्रत्येक वेळी. आणि काल एकदम निर्दोष सुळा. आज आधीचे सगळे गायब." त्यांनी डब्याचं झाकण हळूच लावलं. "कालचा सुळा तू कोरलेला नाहीस, असं मला वाटतं. आधीचे सापडले असते तर हाताशी हात ताडून बघता आला असता. म्हणूनच ते सापडत नाहीयेत, हो ना?"

मी डबा परत ओढून घेतला.

"उद्या सकाळी ट्रेला कुलूप लागेल. तोवर आणून दाखव. नाहीतर परीक्षा नाही."

परीक्षा नाही म्हणजे वर्ष नाही. आणि वर्ष नाही म्हणजे घरी आईला फोन करून काय सांगायचं? की तुझ्या मुलीचं वर्ष बुडालं, कारण तिच्या नापास दातांना पाय फुटले?

२

"कोणी केलं, ते आत्ता सोड," काका म्हणाले. "चोराला मिळालं काय, ते सांग."

काका आमच्याच वर्गातले. आमच्यापेक्षा पुष्कळ मोठे. घरी बायको, शाळेत जाणारी मुलगी, आणि इथे आमच्याबरोबर मेणाचे दात. आधी बरीच वर्षं ते गात गात देवाच्या गोष्टी सांगणाऱ्या एका म्हाताऱ्या बुवांच्या मागे पेटीवर साथ करायचे. बुवा गेले, पेटी बंद झाली, आणि का कोण जाणे, यांनी दंतवैद्यकाची प्रवेश परीक्षा दिली. कोरताना ते सारखं गुणगुणतात. सरांनीही आता नाद सोडलाय.

आम्ही प्रयोगशाळेबाहेरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी चिडून डब्याच्या झाकणावर नखांनी टकटक करत होते.

"काय मिळणार? फुली मारलेलं मेण! कुणीतरी माझं वाटोळं करायला केलंय."

"वाटोळं करायचं तर पास झालेला सुळा चिरडला असता. ते सोपं होतं. ट्रे दुपारभर उघडाच असतो." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "साथ करणाऱ्याचं काम काय असतं, ठाऊक आहे? गाणारा काय गातो ते सगळेच ऐकतात. त्याने कुठला सूर सोडला, ते साथीदाराने ऐकायचं. तुझ्या चोराने काय सोडलंय ते बघ. कापूस सोडलाय. खळगेही मोडले नाहीत. रागाने नेलेलं हे काम नाही, मेणबत्ती. जपून नेलेत."

"जपून? त्या भंगाराला?"

"तेच तर कोडं आहे."

त्यांनी डबा मांडीवर घेतला, कापूस उचकटला, खाली सांडलेला मेणाचा चुरा बोटावर घेऊन पाहिला. मग विचारलं, "तू कोरायचीस कशी? म्हणजे कशाकडे बघून?"

"सुरुवातीला पुस्तकातलं चित्र. ते काही कळेना. मग म्हटलं, देवाने प्रत्येकाच्या तोंडात नमुना दिलाय. खोलीतल्या आरशासमोर बसायचं, ओठ वर करायचा, उजव्या सुळ्याकडे बघायचं आणि कोरायचं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, उजवं म्हणजे पेशंटचं उजवं, आपलं नव्हे. मग मी म्हटलं, पेशंटही मीच, डॉक्टरही मीच, घोटाळाच नको!"

"आणि कालचा पास झालेला?"

"तो इथेच कोरला. परवा वाऱ्याने खिडकी आपटली आणि आरसा फुटला. माझ्या रूममेटने, ताईने, काचा गोळा केल्या, म्हणाली नवा आणते. मी वैतागून इथे आले आणि कपाटावरच्या त्या मोठ्या प्लास्टरच्या नमुन्याकडे बघून कोरला."

काका गुणगुणायचे थांबले. ते गुणगुणायचे थांबतात तेव्हा समजावं की डोक्यात काहीतरी शिजतंय. पण बोलले एवढंच, "चल, मामांकडे जाऊ."

३

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. प्लास्टर कालवणं, मेण वितळवायचे दिवे भरणं, झाडणं आणि आमच्या नावाने बोटं मोडणं ही त्यांची कामं. मोरीपाशी ते प्लास्टरचे वाडगे खरवडत होते.

"मामा, माझ्या कप्प्यापाशी कोणी दिसलं का काल?"

"कप्प्यांना कुलपं आहेत का नुसती शोभा? चमच्याने उघडतात. सगळी पोरं सगळ्यांच्या कप्प्यात हात घालतात. कुणाची सुरी घे, कुणाची काडेपेटी घे. मी काय पहारा देत बसू?"

"तसं नाही हो..."

"आणि मला विचारायच्या आधी बादलीत बघ! माझ्यावर नाव येणार ठाऊकच होतं. पडलेलं मेण मी बादलीत टाकतो, वितळवायला. डब्यातलं उचलत नाही."

बादली म्हणजे कोरीवकामाचा सगळा केर. आम्ही दोघं तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बसलो. मुलं येता जाता टोमणे मारत होती. एक म्हणाला, "काका, सोनं सापडलं तर अर्धं माझं!" मला वाटलं, देवा, हेच बघायचं राहिलं होतं.

आणि तेव्हा काकांनी एक पातळ चौकोनी चकती उजेडात धरली.

मेणाचीच. बिस्किटाएवढी सुद्धा जाड नाही. एका बाजूवर फुली. फुलीखाली माझा नंबर.

"हे माझ्या सुळ्याचं बूड आहे!" मी ओरडलेच. "तळ कापून काढलाय कोणीतरी! चला, सरांना दाखवू."

"आणि सर म्हणतील, तूच कापलास. थांब." काकांनी चकती रुमालात गुंडाळली. "बुडाचा तळ कापला की काय जातं?"

"नंबर जातो. फुली जाते."

"मग उरतो कोरा सुळा. त्यावर कुणाचाही नंबर टाकता येतो."

मला झर्रकन एक चेहरा आठवला. पट्टी! वर्गात पहिला येणारा पट्टी. कायम खिशात स्टीलची पट्टी, दिसेल ते मोजणार. मागच्या आठवड्यात त्याच्या अंगठ्यात सुरी घुसली होती, अजून बँडेज बांधलेलं आहे. अंगठा बांधलेल्या माणसाने सुळा पास कसा करून घेतला?

तो त्याच्या टेबलावर पुस्तकात डोकं घालून बसला होता. मी गेले ती भांडायच्याच तयारीने.

"अंगठा दुखत असताना सुळा कोणी कोरून दिला रे तुला?"

त्याने मान वर केली. "कोणी म्हणजे? अंगठा कापायच्या आधीच पास झालाय माझा. सरांना विचार. तुझ्यासारखं रोज दारात उभं राहायला लागत नाही मला."

"तोंड सांभाळून..."

"तू सांभाळ! काल तुझा पास झाला तेव्हा सगळ्यात आधी मीच टाळी वाजवली होती, विसरलीस?"

ते खरं होतं.  काका मध्ये पडले. "अरे, तिचं वर्ष जातंय, म्हणून तिचा तोल जातोय. एक सांग. ट्रे बघितलास का तू?"

"बघितला म्हणजे मोजला," पट्टी जरा शांत झाला. "सरांनी बुडाची उंची ठरवून दिली आहे ना. सगळ्यांनी पाळली आहे. भिंतीकडच्या रांगेत एक सोडून."

"म्हणजे?"

"एक सुळा बुटका आहे. बूड पातळ. मला अस्सं झालं ना, उचलून मोजावा, पण हात लावायची बंदी. नंबर तळाला असतो, वरून कुणाचा ते दिसत नाही."

आमच्या वर्गात टेबलांच्या दोन रांगा आहेत. खिडकीकडच्यांना उजवा सुळा दिलाय, भिंतीकडच्यांना डावा. शेजारच्याची नक्कल करता येऊ नये म्हणून. पट्टी भिंतीकडे, काका भिंतीकडे, माझी ताईसुद्धा भिंतीकडेच.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सापडलं की! माझा सुळा तिथे आहे, बुटका होऊन."

काकांनी मान हलवली. "आता खरी पंचाईत. तुझा सुळा नापास होता. आपणच नाकारलेला सुळा सरांनी दुसऱ्याचा म्हणून पास कसा केला? पुन्हा सर काय आंधळे आहेत?"

नव्हते. मेणावर माशी बसून गेली तरी त्यांना कळतं.

माझं डोकं भणाणून गेलं. एक गाठ सोडवावी तर तिच्याखाली दुसरी. मी पाय आपटत होस्टेलवर गेले.

४

ताई माझी रूममेट. वयाने थोडीशीच मोठी, पण सगळा मजला तिला ताई म्हणतो. कुणाला ताप आला की ताई, कुणाचं बटण तुटलं की ताई. तिचे वडील दातांचे डॉक्टर, आजोबाही दातांचे डॉक्टर. पुस्तक तिला तोंडपाठ. फक्त सुरी हातात आली की तिचा हात थरथरतो. तिचे नापास सुळे मी पाहिले होते, बिचारे थंडीत कुडकुडल्यासारखे दिसायचे. पण आठवड्यापूर्वी तिचाही एक पास झाला, आणि त्या दिवशी तिने घरी फोन केला तेव्हा तिच्या बाबांचा आवाज मला पलंगावर ऐकू आला होता, इतके ते आनंदाने बोलत होते.

भिंतीवर नवा आरसा लागला होता. मी त्याच्याकडे पाठ करून पलंगावर आडवी झाले.

"जेवलीस का गं?" ताईने विचारलं.

"भूक नाही."

"असा त्रागा करून कसं चालेल? ऊठ. सर उद्यापर्यंत निवळतील."

"सर आणि निवळतील! ताई, माझी सगळी मेहनत गेली गं. एकेक सुळा कोरताना मान मोडली माझी."

तिने माझे केस सोडले, कंगवा घेतला. ती विंचरायला लागली. "जाऊ दे ना, बाळा. पास झालेला आहे ना तुझ्याजवळ? त्या डाव्या सुळ्यांचं काय लोणचं घालणार होतीस?"

मी कंगव्याचा हिसका देऊन उठले. एरवी शब्द तोलून मापून बोलणारी ताई, तिनेही माझ्या कामाला डावं म्हणावं! मी जिन्यावर जाऊन बसले आणि पोटभर रडले.

सकाळी कँटीनमध्ये काका चहा घेऊन वाटच बघत होते. मी कालचं सगळं घडाघडा ओकले. आपली माणसं सुद्धा आपल्याला कमी लेखतात, ताईसुद्धा माझ्या सुळ्यांना डावे म्हणाली, वगैरे वगैरे.

काकांचा कप बशीवर आपटला.

"नेमकं काय म्हणाली? शब्द बदलू नकोस."

"म्हणाली, त्या डाव्या सुळ्यांचं काय लोणचं घालणार होतीस. डावे म्हणजे भिकार, टाकाऊ. बघा ना, मी तिच्यासाठी..."

"सरांनी तुला कधी सांगितलं होतं, तुझी चूक काय ते?"

"कधीच नाही. 'पुन्हा' सोडून शब्द नाही."

"दुसऱ्या कुणी?"

"मलाच ठाऊक नाही तर दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?"

काका उठलेच. "चहा राहू दे. त्या मुलीला टाकून बोलायची सवय नाही, हे तूच आत्ता म्हणालीस. मग ती डावे म्हणाली ते कशावरून? देवा रे देवा, किती साधं होतं!"

"काय साधं? काका, नीट बोला ना!"

"सरांसमोर बोलतो. वाटेत वसतिगृहातून तुझा तो नवा आरसा आण."

५

सर कपाटापाशी कुलूप घेऊन उभे होते. वर्ग भरलेला. मी आरसा छातीशी धरून आत शिरले तेव्हा पट्टी पुटपुटला, "आता मेणबत्तीचा शृंगार बाकी होता."

"सर," काका म्हणाले, "कुलूप लावायच्या आधी जरा वेळ द्याल? ही खोटं बोलत नाहीये. तिचे दात कुणी नेले आणि कशाला नेले, दोन्ही मला कळलंय असं वाटतं."

सरांनी भुवया उंचावल्या, पण खुर्ची ओढून बसले.

काकांनी कपाटावरून तो मोठा प्लास्टरचा नमुना उतरवला. वरचा उजवा सुळा, मुठीएवढा. त्याच्या टोकापासून दोन उतार निघतात. मधल्या दातांकडचा आखूड, दाढांकडचा लांब. ते नमुना फिरवून सगळ्यांना दाखवत म्हणाले, "हा कुठला?"

"उजवा," वर्ग म्हणाला.

मग त्यांनी मला आरसा धरायला सांगितला आणि नमुना आरशासमोर आणला.

"आणि आतला?"

सगळे पुढे वाकले. मग पट्टीच ओरडला, "डावा! लांब उतार दुसरीकडे गेला!"

माझ्या हातातला आरसा निसटायचाच बाकी होता.

"ही पोर अर्धं सत्र आरशात बघून कोरत होती," काका म्हणाले. "स्वतःचाच उजवा सुळा, अगदी हुबेहूब. पण आरशातला. म्हणजे प्रत्येक वेळी तिच्या हातून घडला तो उत्तम डावा सुळा. सरांनी तो उजवा म्हणून नाकारला, ते बरोबरच. आरसा फुटला, ही इथे येऊन नमुन्याकडे बघायला लागली आणि एका झटक्यात उजवा जमला. सर, हिचा हात परवा बदलला नाही. हिने बघायची जागा बदलली."

सर सावकाश म्हणाले, "पुढे."

"आता, फुली मारलेला दात चोरून कुणाला काय फायदा? एकालाच. ज्याला डावा सुळा हवा होता त्याला. आमच्या भिंतीकडच्या रांगेत हिची प्रत्येक चूक बरोबर होती." त्यांनी रुमाल सोडून चकती सरांपुढे ठेवली. "फुली आणि हिचा नंबर असलेला तळ कापला, नवा नंबर टाकला आणि सुळा तुमच्यापुढे आणला. तुम्ही पास केलात, कारण तो खरंच पास होण्याजोगा होता. पण बूड तेवढं बुटकं राहिलं."

"एकच नेला असेल तर बाकीचे का न्यायचे?" पट्टीने विचारलं.

"सरांनी जाहीर केलं ना, नापास दातही बघणार म्हणून. हिच्या सुरीचं टोक पहिल्याच आठवड्यात तुटलंय. तिच्या प्रत्येक दातावर केसासारखी बारीक रेघ उमटते. काल कापसातल्या चुऱ्यावरही होती. हिचे सगळे डावे सुळे टेबलावर आले असते, तर ट्रेमधला त्यांचा भाऊ सरांनी तिथल्या तिथे ओळखला असता. म्हणून सगळे न्यावे लागले."

सर उठले, कपाट उघडलं, ट्रे टेबलावर ठेवला. भिंतीकडच्या ओळीत तो बुटका सुळा आता सगळ्यांनाच दिसत होता. सरांचा हात त्याच्याकडे गेला.

"सर, एक विनंती," काका पटकन म्हणाले. "उचलून नंबर वाचायला वेळ लागणार नाही. पण मी एक ओळ गुणगुणतो. तेवढ्यात ज्याचं त्याने यावं."

सरांचा हात थांबला. आणि काकांनी खरंच डोळे मिटून सूर धरला. भर वर्गात, खालच्या पट्टीत, शब्द नसलेली एक ओळ. कोणी हसलं नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द गरगरत होता. डाव्या. त्या डाव्या सुळ्यांचं. मी ज्याला शिवी समजले होते ती माहिती होती. सरांखेरीज जगात फक्त एका माणसाला ते ठाऊक होतं. जिने मला रोज आरशासमोर बसलेलं पाहिलं होतं त्या माणसाला.

ओळ संपायच्या आत भिंतीकडची खुर्ची सरकली.

ताई पुढे आली. ॲप्रनच्या खिशातून तिने एक लोकरी मोजा काढला. आत एकेक सुळा कापसात गुंडाळलेला. तिने मोजा टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

"वितळवायला नेले होते," ती म्हणाली. "दिवाही पेटवला. पण हिने किती मान मोडून केलेत ते मी बघितलं होतं. मला वितळवता आले नाहीत."

"तुला कधी कळलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी डावा कोरतेय हे तुला कधी कळलं?"

"पहिले एक दोन नाकारले तेव्हाच."

"आणि बोलली नाहीस? इतके दिवस मी वेड्यासारखी... एक शब्द, ताई! एकच शब्द बोलली असतीस!"

ती रडायला लागली. "बोलणारच होते गं. रोज वाटायचं, उद्या सांगेन. पण माझा हात थांबत नाही, आणि बाबा रोज विचारतात, झाला का सुळा, झाला का सुळा... आणि तुझ्या डब्यात एवढे सुंदर डावे सुळे नुसते पडलेले असायचे. तुला सांगितलं असतं तर तू उजवे कोरायला लागली असतीस."

 मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती आणि तिचे डोळेही पुसावेसे वाटत होते. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

सरांनी भिंग घेतलं. बुटका सुळा, मोज्यातले सुळे आणि माझा पास झालेला सुळा ओळीने मांडून बराच वेळ पाहिले. मग बुटका उचलून माझ्यापुढे धरला.

"डावा म्हणून हा उत्तम आहे. आणि उजवाही तुझाच आहे. मी चुकीचं बोललो. परीक्षेला बस."

जे ऐकायला मी रात्रभर तळमळले होते ते ऐकलं. आनंद व्हायला हवा होता. मी नुसती त्या मोज्याकडे बघत राहिले.

"सर, मी सामान बांधू का?" ताईने विचारलं.

सरांनी खण उघडला. एक कोरी मेणाची वडी काढून तिच्यासमोर ठेवली.

"पुन्हा."

ताईला कळेचना. ती वडीकडे बघत राहिली. काका खाकरले. "सर, रागावू नका. पण तुमचा शब्द एकेकदा फार आखूड पडतो. मेणबत्तीला 'डावा झालाय' एवढं म्हणाला असतात, तर हे सगळं घडलंच नसतं."

सर कधी नव्हे ते गडबडले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ताईच्या शेजारी उभे राहिले.

"पुन्हा कोर. इथे, माझ्यासमोर. हात थरथरतो ना? मग सुरी हवेत धरू नकोस. अनामिका वडीवर टेकव, तिच्यावर हाताचा भार दे. हात देवाने सगळ्यांचेच थरथरते केलेत. टेकू द्यायला शिकायचं असतं. आणि घरी काय सांगायचं ते संध्याकाळी तूच सांगायचंस. सगळं. ते मी सांगणार नाही."

ताईने डोळे पुसले, अनामिका टेकवली आणि कोरायला बसली. सर खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेर बघत राहिले. पट्टीने आपली स्टीलची पट्टी हळूच तिच्या टेबलावर सरकवली, बुडासाठी. मी माझे सुळे डब्यात परत निजवत होते. ताईकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

तरी नजर गेलीच. हात पहिल्यापेक्षा स्थिर होता. पण डोळे भरलेले असल्याने असेल, समोरचा नमुना उजवा आहे हे ती विसरली होती. ती त्याच्याकडे बघून बघून टोकाचा लांब उतार चुकीच्या बाजूला धरत होती. अजून दोन चार काप, आणि वडी वाया गेली असती.

मी झाकण लावलं. डबा काखेत घेतला. दारापर्यंत गेले. गप्प बसणं किती सोपं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि ती इतके दिवस कशी गप्प बसली तेही.

मी परत फिरले, आरसा उचलला आणि नमुन्यासमोर उभा केला.

"ताई," मी म्हटलं, "इकडे बघून कोर. तुझा उतार दुसऱ्या बाजूला आहे."